थोडं बसू द्या

मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घ्यावी आणि बँकेत नोकरी करावी, याला कायद्याची हरकत नाही. फक्त ही गोष्ट आपल्या सोसायटीत कळू देऊ नये. आमच्या सोसायटीच्या सभासद-फॉर्मवर शिक्षणाचा रकाना आहे. तो कशासाठी आहे हे सेक्रेटरींनाही सांगता येत नाही. पण समोर रकाना आला की मराठी माणूस तो भरतोच, आणि भरताना फर्स्ट क्लासही लिहितो. तेव्हापासून इमारतीत जे जे म्हणून फिरतं, गळतं, अडकतं किंवा आवाज करतं, त्याचं निदान माझ्याकडे येतं. "अहो, मी कर्जवसुलीला आहे," असं सांगून पाहिलं. त्यावर "पण मूळचे मेकॅनिकलच ना?" असं विचारतात. म्हणजे मेकॅनिकल हे माझं गाव आणि बँकेत मी पोटासाठी आलेला. एका अर्थी ते खरंही आहे.

त्यामुळे आमच्या जनरेटरला धाप लागली, तेव्हा पहिली बेल माझ्या दारावर वाजली.

हा जनरेटर डिझेलचा. वॉचमनच्या केबिनमागे एका हिरव्या पेटीत राहतो. लाईट गेली की लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे आणि प्रत्येक घरातला एक दिवा, एक पंखा एवढ्यांचा संसार तो ओढतो. आमच्या भागात लाईट सहसा गुरुवारी जाते, म्हणून गुरुवार हा त्याचा कामाचा वार. जनरेटरनं एका सुरात घुमावं अशी अपेक्षा असते. आमचा अचानक ताना घ्यायला लागला. आवाज वर वर चढायचा, वाटायचं आता पेटीसकट उडतो. मग खाली यायचा, वाटायचं संपलं. तेवढ्यात पुन्हा वर. घराघरातले पंखे त्याच्या तालावर. बी विंगमधल्या काकूंच्या देवघरात अजून जुना झिरोचा बल्ब आहे. तो उजळायचा, मंदावायचा, पुन्हा उजळायचा. काकूंनी आधी दुर्लक्ष केलं. मग शेजारणींना बोलावून दाखवलं. वार गुरुवार आणि देवघरात दत्ताची तसबीर, त्यामुळे प्रकरण हाताबाहेर जायची चिन्हं दिसू लागली.

आमचे सेक्रेटरी सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. ते पॅनेलवरच्या मीटरसमोर पाठीमागे हात बांधून उभे होते. "पन्नास पाहिजे," ते म्हणाले. "हे पाहा, अठ्ठेचाळीस. आता बावन्न. परत अठ्ठेचाळीस. याला शिस्त म्हणतात का?"

"सरासरी पन्नासच येते," खजिनदार म्हणाले. खजिनदारांचं समाधान सरासरीत असतं.

मी पेटीवर हात ठेवला, डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणालो, "गव्हर्नर हंटिंग करतोय." हे निदान बरोबर होतं आणि शब्दही बरोबर होता. जमलेल्या मंडळींवर परिणाम झाला. वॉचमननं टोपी नीट केली. "मग आता काय करायचं?" सेक्रेटरींनी विचारलं. आमच्या विद्यापीठानं मला इथपर्यंतच शिकवलं होतं.

तसा गव्हर्नर आमच्या अभ्यासक्रमात भरपूर होता. 'थिअरी ऑफ मशीन्स'मध्ये वॉट, पोर्टर, प्रोएल, हार्टनेल अशी त्यांची रांगच होती, आणि त्यांतला कुणीतरी एक दर परीक्षेत गोळे फिरवत उभा असायचा. तोंडी परीक्षेत तर "फ्लायव्हील आणि गव्हर्नर यांत फरक काय?" हा प्रश्न न विचारता सोडलेला मेकॅनिकलवाला महाराष्ट्रात सापडणार नाही. उत्तर सगळ्यांना पाठ असतं: सर, एका फेऱ्याच्या आतला चढउतार फ्लायव्हील सांभाळतं, लोड बदलल्यावर वेग सांभाळतो तो गव्हर्नर.

"गुड. कुठे पाहिलाय?"

"पुस्तकात, सर."

"गुड," म्हणून परीक्षक पुढच्या मुलाकडे वळले. त्यांनीही तिथेच पाहिला असावा.

खरं म्हणजे मी तो त्याच्या कितीतरी आधी पाहिला होता, पण तेव्हा आमची ओळख झालेली नव्हती. मामाचं कोल्हापूरकडे गुऱ्हाळ होतं. चरक डिझेल इंजिनवर चालायचा. इंजिन ढुग्-ढुग्-ढुग् करत असायचं. उसाची मोळी चरकात गेली की ढुग्... ढुग्... असं बसायचं, चिमणीतून काळ्या धुराचा एक गोळा निघायचा आणि मग आपोआप पहिल्या तालावर यायचं. कोणी हात लावायचं नाही. मला वाटायचं, इंजिनाला राग येतो आणि मग ते स्वतःची समजूत घालतं. चरकावरच्या गड्यानं हौसेनं जास्त ऊस सारला की मामा काहिलीजवळून न बघता ओरडायचा, "अरे, इंजिनला जेवू घालतोयस का मारतोयस?"

तो धुराचा गोळा म्हणजे गव्हर्नरची सही. आत इंजिनाबरोबर फिरणारी दोन वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात, कमी झाला की स्प्रिंग त्यांना आत ढकलते. ही फाकण्या-मिटण्याची हालचाल दांडीवाटे डिझेलच्या पंपाकडे जाते. वजनं फाकली तर डिझेल कमी, मिटली तर जास्त. संपली यंत्रणा. हे नसेल आणि डिझेल सुरूच राहिलं, तर लोड निघाल्यावर डिझेल इंजिन वेग घेत सुटतं आणि काहीतरी तुटेपर्यंत थांबत नाही.

यात मला आवडतं ते या प्राण्याचं अज्ञान. ऊस आला, लिफ्ट निघाली, पंप सुरू झाला, यातलं त्याला काही म्हणजे काही कळत नाही. त्याला एवढंच कळतं की आपण हळू झालो. आधी चूक घडली पाहिजे, मग तो जागा होणार. या तत्त्वावर आमची बँकही चालते, पण इतकी कमी वजनं वापरून नाही.

हे फिरते गोळे जेम्स वॉटच्या डोक्यातून निघाले, असं आम्ही लिहायचो आणि गुण मिळायचे. प्रत्यक्षात ते पिठाच्या गिरणीतून निघाले. इंग्लंडात पवनचक्कीवर दळण व्हायचं. वारा वाढला की जातं जोरात फिरणार, वरची तळी उचलली जाणार आणि पीठ भरड येणार. म्हणून तिथल्या कारागिरांनी फिरत्या गोळ्यांची युक्ती काढली. वेग वाढला की ती दोन तळ्या आणखी जवळ आणायची. टॉमस मीड नावाच्या माणसानं १७८७ साली असल्या युक्तीचं पेटंटही घेतलं. लंडनला वॉटच्याच वाफेच्या इंजिनांवर चालणारी ॲल्बियन मिल ही गिरणी होती. तिथे वॉटचा भागीदार बोल्टन यानं १७८८ साली हे गोळे पाहिले आणि वॉटला कळवलं. वॉटनं त्यांना वाफेच्या झडपेला जुंपलं आणि पुस्तकात नाव त्याचं आलं. 'पीठ भरड आलंय' ही तक्रार जगातली फार जुनी तक्रार असणार. औद्योगिक क्रांतीचा वेग शेवटी तिच्याच धाकानं ताब्यात आला, असा माझा संशय आहे.

वॉटच्या गव्हर्नरचं सूत्र मला अजून पाठ आहे. गोळ्यांच्या पातळीपासून दांड्या जिथे मिळतात तिथपर्यंतची उंची, मीटरमध्ये, म्हणजे ८९५ भागिले मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा वर्ग. गोळे जड की हलके, याच्याशी तिचा संबंध नाही. हे मी जनरेटरसमोर म्हणून दाखवलं, कारण दुसरं काही येत नव्हतं.

"साठ फेऱ्यांना पंचवीस सेंटिमीटर," मी म्हणालो. "तीनशेला जेमतेम एक."

"आणि आपला?" सेक्रेटरींनी विचारलं.

आपला १,५०० फेऱ्यांचा. पन्नास हर्ट्झची वीज हवी तर चार पोलच्या जनरेटरला तेवढं फिरावंच लागतं. मी मोबाईलवर गणित केलं. "चार दशांश मिलिमीटर."

"वार्षिक देखभालीचे एवढे पैसे घेतात," खजिनदार म्हणाले, "आणि चार दशांश?"

वॉटचे गोळे इतक्या वेगाला निरुपयोगी ठरतात म्हणूनच पोर्टरनं वर जड वजन ठेवलं आणि हार्टनेलनं स्प्रिंग घातली, हे मला सांगायचं होतं. पण लोक चार दशांशावरच अडकले होते. पेटीच्या आत कुठेतरी आपला अपमान दडलेला आहे, अशी सगळ्यांची भावना झाली.

मिस्त्री "येतो" म्हणाले. मिस्त्रींच्या येतो-ला तारीख नसते. त्यांच्याआधी पुढचा गुरुवार आला, आणि सेक्रेटरींनी सूत्रं हातात घेतली. डिझेल पंपाजवळ वेग कमी-जास्त करायची एक लिव्हर असते. तिथे वॉचमनला बसवलं. मीटरसमोर सेक्रेटरी स्वतः. मधे खजिनदार, कारण इंजिनाच्या आवाजात मीटरपासून वॉचमनपर्यंत हुकूम पोचत नव्हता. गव्हर्नर बिघडला तर आपण माणसांचा करू, अशी ती योजना. वॉटच्या आधी वाफेच्या झडपेशी माणूसच उभा असायचा, त्यामुळे ऐतिहासिकदृष्ट्या तिला आधार होता.

"अठ्ठेचाळीस! वाढव!" सेक्रेटरी.

"वाढव म्हणतायत!" खजिनदार.

"काय?" वॉचमन.

"वाढव!"

तोपर्यंत इंजिन आपलं आपण एकावन्नला गेलेलं. वॉचमननं इमानानं वाढवलं. पंचावन्न. "कमी कर! कमी कर!" खजिनदारांनी ते पोचवलं तेव्हा इंजिन खाली निघालं होतं. वॉचमननं कमी केलं. पंचेचाळीस. वरून कोणीतरी ओरडलं की पंखा आहे की विमान. लिफ्ट मधेच थांबली. आत चेअरमन होते, हे नंतर कळलं, आणि आमच्या सोसायटीच्या राजकारणाला जे वळण लागलं ते तिथून. प्रत्येक हुकूम अचूक होता. तो ज्या क्षणासाठी होता तो क्षण तेवढा निघून गेलेला असायचा. सेक्रेटरींची उभी नोकरी याच पद्धतीत गेलेली, त्यामुळे त्यांना त्यात काही खटकलं नाही.

या फजितीला मोठी माणसंही चुकलेली नाहीत. एकोणिसाव्या शतकात ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख जॉर्ज एअरी यांना दुर्बीण ताऱ्यामागे संथपणे फिरत राहायला हवी होती. पृथ्वी फिरते, तारा सरकतो, म्हणून दुर्बिणीला घड्याळी यंत्र आणि त्याचा वेग सांभाळायला गव्हर्नर. गव्हर्नर असा चेकाळला की शांतपणे तारा बघायची सोय राहिली नाही. एअरी गणिती माणूस, त्यांनी चिडून त्याचं गणित मांडलं. पुढे १८६८ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी यावर 'ऑन गव्हर्नर्स' असा निबंधच लिहिला. प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय लहर आहे हे सांगून झाल्यावर हा माणूस इंजिनांच्या गोळ्यांकडे वळला. डुलणं कधी आपोआप विरतं आणि कधी वाढतच जातं, याच्या अटी त्यांनी शोधल्या. त्यांच्याही सोसायटीत कोणाला तरी ते मूळचे कुठले हे कळलं असावं.

शेवटी मिस्त्री आले. मीटरकडे त्यांनी पाहिलंही नाही. कान दिला, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "लिव्हरला हात कोणी लावला?" सगळ्यांनी वॉचमनकडे पाहिलं. वॉचमननं सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी आकाशाकडे.

मग त्यांनी तुंबलेला डिझेल फिल्टर बदलला, लाइनमध्ये शिरलेली हवा काढली आणि चिकटून बसलेली गव्हर्नरची दांडी डिझेलनं धुऊन तिला तेल दिलं. वेग कमी झाला तरी ती दांडी हलायचीच नाही, आणि हलायची तेव्हा एकदम उडी मारायची. एवढंच दुखणं होतं. इंजिन सुरू केलं. एक सूर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते धुरामुळेही असेल.

"बावन्न दाखवतंय," सेक्रेटरी म्हणाले.

"रिकामं आहे ना साहेब. लोड द्या."

लिफ्ट सुरू केली. सूर किंचित बसला, सावरला. पंप सुरू केला. पुन्हा बसला, सावरला. काटा हळूहळू पन्नासाकडे सरकला.

"पण बसतंय का? मला रिकामं असो, भरलेलं असो, पन्नास म्हणजे पन्नास पाहिजे."

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. "थोडं बसू द्या, साहेब. बसलं नाही तर लोड आलाय हे त्याला कळणार कसं? एकदम टाईट ठेवलं तर परत नाचायला लागेल."

याला पुस्तकात ड्रूप म्हणतात. रिकामं असताना १,५६० फेरे, पूर्ण लोडला १,५००. चार टक्के बसायची मुभा. त्यावर मी सहा गुणांचा प्रश्न सोडवला होता. मिस्त्रींनी तो दोन वाक्यांत संपवला आणि वर चहा मागितला.

चहाच्या वेळी चेअरमन आले. लिफ्टमधून सुटल्यापासून ते सेक्रेटरींच्या विरोधात मोठ्या गोष्टी सुचवू लागले होते. "दोन जनरेटर घेऊ," ते म्हणाले. "दोन्ही बरोबर पन्नासवर ठेवायचे, एकमेकांना जोडायचे. अर्धा-अर्धा लोड."

मिस्त्री हसले. इथे मात्र माझं शिक्षण धावून आलं. न बसणारे, अगदी काटेकोर असे दोन गव्हर्नर नुसते एकमेकांना जोडले तर ते लोड वाटून घेत नाहीत, भांडतात. ज्याचं पन्नास दुसऱ्यापेक्षा केसभर वर आहे, तो सगळा लोड अंगावर घेतो. दुसऱ्याला वाटतं, वेग तर ठीक आहे, मग आपण कशाला राबायचं? तो डिझेल कमी करतो, आणखी कमी करतो, आणि शेवटी पहिल्याचीच वीज घेऊन मोटरसारखा फिरू लागतो. बाहेरून बघणाऱ्याला दोघं कामात दिसतात. आवाज दोघांचा येतो. मी हे सांगत असताना चेअरमन आणि सेक्रेटरी दोघंही आळीपाळीनं मान डोलवत होते. आपल्यातला राबणारा कोण, याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. दोघांना थोडं थोडं बसायला लावलं की लोड आपसूक वाटला जातो, हा उत्तरार्ध कोणी ऐकला नाही.

आपल्या देशातली बहुतेक मोठी वीजयंत्रं थोडं थोडं बसत-उठतच एकमेकांना सांभाळतात. ५ एप्रिल २०२०च्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचे होते, आठवत असेल. फक्त दिवे, फ्रिज-पंखे नाहीत, असं स्पष्ट सांगितलेलं असूनही आमच्या सेक्रेटरींनी खालून शिट्टी वाजवून सगळंच बंद करायला लावलं होतं. त्या काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटनं खाली गेली आणि परत वर आली. नियंत्रण कक्षांतली माणसं आधीपासून तयारीत होती; जलविद्युत केंद्रं त्यांनी झपाट्यानं खाली-वर केली, आणि देशभरातले गव्हर्नर आपापल्या जागी, कोणी न सांगता, जरा उठत जरा बसत राहिले. वारंवारता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झच्या आत राहिली. सेक्रेटरींना मी हे आकडे सांगितले. "म्हणजे त्यांनाही पन्नास जमलं नाही," ते म्हणाले.

त्यामुळे पुढच्या बैठकीत इलेक्ट्रॉनिक गव्हर्नरचा विषय आला, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. गोळे नाहीत, स्प्रिंग नाही. वेग मोजणारा सेन्सर आणि डिझेल सोडणारा एक कंट्रोलर. विक्रेता टाय लावून आला होता. "झीरो ड्रूप, सर," तो म्हणाला. "लिफ्ट येऊ दे, पंप येऊ दे. क्षणभर हलेल, पण परत येईल ते बरोबर पन्नासवर. तिथेच राहील." सेक्रेटरींचा चेहरा असा खुलला की खजिनदारांनी घाईघाईनं किंमत विचारली आणि किंमत ऐकून पाणी मागितलं.

"कोणाची हरकत?" सेक्रेटरींनी ठराव वाचून विचारलं.

काकूंनी हात वर केला. बैठकीत काकू कधी बोलत नाहीत. त्या फक्त उपस्थितीला येतात आणि भाजी निवडतात.

"माझी आहे," त्या म्हणाल्या. "लाईट गेलेली असली की माझा देवघरातला दिवा जरासा बसतो, तेव्हा मला कळतं, कोणीतरी लिफ्टनं वर येतंय. जास्त बसला तर दोघं-तिघं असतात. मी तेवढ्या कपांचं आधण ठेवते. हे तुमचं यंत्र लावलंत की माणूस एकदम दारात."

"काकू, हा तांत्रिक विषय आहे," सेक्रेटरी म्हणाले आणि मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी कर्जवसुलीला असल्याचं मला त्या क्षणी प्रकर्षानं आठवलं.

विक्रेता अनुभवी होता. "मॅडम, यात ड्रूप ठेवायचीही सोय आहे," तो घाईनं म्हणाला. "तीन टक्के, चार टक्के, पाच टक्के. तुम्ही म्हणाल तेवढा."

काकूंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "चार टक्के म्हणजे किती कप?"

तो कॅटलॉग चाळू लागला.